आठवी कॅनोपी

सोमनाथ देवरे बसले की दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसतात. सोसायटीच्या मीटिंगला, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यातल्या बाकावर, सगळीकडे तसेच. जेलरोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लोकांना वाटतं, माणूस संकोची आहे. चहा पुढे आला तर ते म्हणतात, "निवू द्या थोडा." चहा निवतो, त्यावर साय धरते, आणि कप होता तिथेच राहतो.

हात थरथरतात. दीड वर्षापासून. आधी उजवा, मग डावा. नुसते ठेवले तर थोडे, काही धरायला गेले तर फार. काम करायला निघालेल्या हाताला तेवढा बरोबर गाठणारा हा आजार आहे. डॉक्टरांनी त्यांना एका कागदावर मधून बाहेर येत जाणारी गोल गोल रेघ काढायला सांगितली. देवऱ्यांनी ती काढली आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो सुलटा केला.

"जिवाला धोका नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या देतो. थोडी झोप येईल."

बाहेर रिक्षाची वाट बघताना सगुणाबाई, त्यांच्या बायको, म्हणाल्या, "चकली मोडली तुमची."

दोघेही हसले. रिक्षा आली तेव्हा कुणीच हसत नव्हतं.

देवरे ओझरच्या विमानाच्या कारखान्यात चौतीस वर्षं होते. त्यातली एकोणतीस कॅनोपीच्या शॉपमध्ये. कॅनोपी म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक घुमटी. ती दिव्यासमोर धरायची, तिच्यावरचा केसाएवढा ओरखडा शोधायचा आणि तो मऊ कापडाने घासत घासत नाहीसा करायचा. दिवसभराच्या कामानंतर काही दिसलं नाही तर काम झालं. अशा कामाचं कौतुक कुणाला करता येत नाही, कारण बोट ठेवायला काही नसतं. शॉपमध्ये शिरताना अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बकल काढून ठेवायचं. नखं कापलेली हवीत. एकोणतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कॅनोपी तडकली नाही. निरोपाच्या कार्यक्रमात हे एकच वाक्य त्यांच्याबद्दल बोललं गेलं, आणि ते खरं होतं.

निवृत्त झाल्यावर मॉडेल विमानं उडवणाऱ्यांचा एक क्लब त्यांना सापडला. दहा-पंधरा माणसं, रविवारी आडगावच्या पुढे एका माळावर जमणारी. त्यांची विमानं, हेलिकॉप्टरं हातभर, दीड हात लांबीची. पण त्यांनाही कॅनोपी असते, आणि ती बसवताना हटकून तडकते. भोक पाडताना जाते, कड कापताना जाते, स्क्रू अर्धा फेरा जास्त आवळला तरी जाते. लोक कॅनोपी देवऱ्यांकडे आणू लागले. गॅलरीला ग्रिल होती, तिथे त्यांनी टेबल टाकलं. कारखान्यातला दिवा नव्हता, पण सकाळी अकराचं ऊन होतं.

हात थरथरायला लागल्यावर त्यांनी क्लबमध्ये कुणाला सांगितलं नाही. माळावर जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाले.

श्रावणात महेश आला. पंचेचाळिशीचा, प्रेसमध्ये नोकरीला, जवळच राहणारा. त्याच्याकडे जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि चादर सोडली नाही.

"काका, आधी सांगतो. ही एकच आहे."

त्याने वर्षभर सुट्टीच्या दिवशी सागाच्या लाकडाचा साचा कोरला होता, हेलिकॉप्टरच्या नाकाडाच्या आकाराचा. मग ओव्हनमध्ये प्लॅस्टिकचा पत्रा मऊ करून त्या साच्यावर ताणायचा. सात पत्रे वाया गेले. एकाला बुडबुडे आले, एक कोपऱ्यात फाटला, बाकीचे नुसतेच गेले. आठवा जमला. आणि तो साच्यावरून सोडवताना साचाच मधून उभा चिरला.

"साचा संपला, काका. आता पुन्हा माझ्याकडून व्हायचं नाही." त्याने चादर बाजूला केली. "बायको म्हणते, दुसरं लग्न केलं असतंस तरी एवढा वेळ गेला नसता."

आत हेलिकॉप्टरचा सांगाडा आणि शेजारी कॅनोपी होती, अर्ध्या कलिंगडाएवढी. तिच्यात गॅलरीची ग्रिल वाकडी होऊन दिसत होती. दसऱ्याला क्लबचे लोक माळावर आपापल्या यंत्रांची पूजा करतात आणि मग उडवतात. महेशला त्या दिवशी हे हेलिकॉप्टर उडवायचं होतं.

"दसऱ्याला सकाळी घेऊन जा," देवरे म्हणाले. हात मांड्यांखाली होते.

महेश गेल्यावर सगुणाबाई म्हणाल्या, "नाय म्हणायला काय झालं होतं?"

एकोणतीस वर्षं माणूस ज्याला हो म्हणत आला, त्याला नाही म्हणायचं तर आधी ते स्वतःला कळावं लागतं.

आठवडाभर ते जुन्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर सराव करत राहिले. मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून, श्वास रोखून. सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने हात जरा शांत व्हायचे, पण तोवर डोळे मिटायला लागायचे. दोन्ही एकत्र मिळेनात. रविवारपर्यंत टेबलाखालच्या बादलीत तडकलेल्या तुकड्यांचा ढीग झाला. सगुणाबाई बादली रिकामी करायला आल्या. त्यांनी एक तुकडा उचलला, उन्हात धरला, बोटांनी वाकवून बघितला.

"हे मांड्यापेक्षा जाड हाय," त्या म्हणाल्या.

सगुणाबाई सटाण्याकडच्या. त्यांच्या हातचे मांडे नातेवाइकांत प्रसिद्ध. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर घेऊन कोपरापर्यंत झेलत झेलत मोठी करायची, आरपार दिसेल इतकी पातळ, आणि तापलेल्या खापरावर सोडायची. ती त्यांच्या हातून कधी फाटत नाही.

देवऱ्यांनी त्यांच्या हातांकडे बघितलं. चाळीस वर्षांत त्यांनी ते असे बघितले नसावेत.

"करशील?"

"तुम्ही सांगा, मी करते. त्यात काय."

"बांगड्या काढ आधी."

"काय म्हणाले?"

"हातात काही नको. शॉपचा नियम आहे."

"तुमच्या शॉपमधी बाया होत्या का?"

"नव्हत्या."

"मंग तो नियम तुमचा तुम्हाला. मी नाय काढायची बांगड्या. सणासुदीचे दिवस."

बराच वेळ हे चाललं. शेवटी रुमाल बांधायचं ठरलं. दोन्ही मनगटांवर, बांगड्या झाकून. देवऱ्यांनी रुमाल गुंडाळला, पण गाठ त्यांना मारता येईना. टोकं पुन्हा पुन्हा निसटत होती. सगुणाबाईंनी एक टोक दातात धरून गाठ ओढली.

"लग्नात कंकण बांधलं होतं तेव्हा सुटता सुटत नव्हतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून रोज अकरा ते साडेबारा. देवरे स्टुलावर बसत आणि बोलत. त्यांचं काम आता एवढंच उरलं होतं. आधी कडेला चिकटपट्टी लावायची. रेघ पट्टीवर मारायची, प्लॅस्टिकवर नाही. बारीक दातांच्या आरीने रेघेच्या बाहेरून कापायचं. मग पॉलिश पेपरने रेघेपर्यंत यायचं, एकाच दिशेने, घाई न करता. कडेला नखाएवढा दाता राहिला तरी चीर तिथूनच निघते.

"जोर देऊ नको."

"नाय देत."

"देतेस. आवाजावरून कळतं मला."

"मंग कान बंद करा."

कधीकधी त्यांचा हात आपोआप पुढे जाई. अर्ध्यावर थांबून परत येई. सगुणाबाई बघत नसत. म्हणजे बघत, पण पेपर चालूच ठेवत.

भोकांचा दिवस सर्वांत वाईट होता. मागच्या बाजूला दोन भोकं हवी होती. हेलिकॉप्टरच्या सांगाड्यावरच्या दोन खुंट्या त्यांतून बाहेर येणार, आणि रबराच्या कड्या त्यांना सांभाळणार. ड्रिल चालवलं की ते प्लॅस्टिकला चावतं. म्हणून आधी सुईच्या जाडीचं छिद्र, मग शंकूसारखं एक हत्यार हाताने फिरवत फिरवत ते मोठं करायचं. देवऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. बघवत नव्हतं म्हणून नाही; बघितलं की हात थरथरत आणि स्टूल वाजे, आणि तो आवाज सगुणाबाईंच्या कानावर पडू नये असं त्यांना वाटत होतं.

"झालं," त्या म्हणाल्या.

"दोन्ही?"

"दुसरं कधीच झालं. तुम्ही झोपले का काय?"

कॅनोपी सांगाड्यावर ठेवली तर ती बसली. दाबावी लागली नाही. तिच्या आणि सांगाड्याच्या मधे पोस्टकार्ड सरकेल एवढी फट सगळीकडून सारखी होती. मग रंग. तो आतून द्यायचा असतो, म्हणजे बाहेरून चकाकी राहते. समोरच्या काचेएवढा भाग झाकून ठेवला आणि बाकी सगळ्याला पाण्यात कालवलेला निळा रंग दिला, तीन हात. झाकण काढलं तेव्हा समोरून आतलं सगळं दिसू लागलं. महेशने आत एक छोटा वैमानिक बसवला होता. सगुणाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"ह्याला उकडत असंल आत."

भाद्रपदातल्या एका रविवारी महेश बघायला आला. त्याने भोकं बघितली, कड अंगठ्याने चाचपली, काच उजेडात फिरवली.

"काका, तुमचा हात म्हणजे..." तो म्हणाला. "मी क्लबमध्ये सांगणार आहे. आणखी दोघं मागे लागलेत, त्यांच्या पण देऊ का?"

सगुणाबाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या. देवऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं, आणि ट्रे ठेवून आत गेल्या. आत गेल्यावर त्यांच्या बांगड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

आठवड्याने आणखी दोन खोकी आली, दोन कॅनोपी. ती फळीवर ठेवली. ते दिवस देवऱ्यांच्या घरात बरे गेले. देवरे एकदा चहा गरम असताना प्यायले, दोन्ही हातांनी पेला धरून, सांडत.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. देवऱ्यांनी सकाळची गोळी घेतली होती, वर उपवासाचा फराळ झाला, डोळे जड झाले. "पूजा तू कर," ते म्हणाले. "हत्यारं आता तुझीच आहेत." आणि ते आत जाऊन आडवे झाले.

सगुणाबाईंनी पाट मांडला. आरी, कानस, पान्हे, शंकूसारखं ते हत्यार, शिवणयंत्राचं हँडल, विळी. कॅनोपी सांगाड्यावर चढवून हेलिकॉप्टरही मधोमध ठेवलं. या वर्षीचं काम तेच होतं. झेंडूची फुलं वाहिली. प्रत्येक वस्तूला हळदीकुंकू लावलं. हेलिकॉप्टरला कपाळ कुठलं? समोरची काच. तिथे त्यांनी पाच बोटं ओढली, हळदीची, आणि मधे कुंकू.

कारखान्यातही खंडेनवमीला पूजा व्हायची. तिथे कॅनोपीला कुणी हळदीकुंकू लावत नसे. ज्या घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, ती ठेवलेली असे, त्या लोखंडी घोड्याला लावत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, कुणी कुणाला सांगितला नव्हता. देवऱ्यांनी तो एकोणतीस वेळा बघितला होता. घरी तो सांगावा असं त्यांच्या कधी मनात आलं नाही. जे सगळ्यांनाच माहीत असतं ते सांगितलं जात नाही.

दुपारी सगुणाबाईंच्या लक्षात आलं, उद्या महेश येणार, काच स्वच्छ हवी. ओल्या फडक्याने पुसलं तर कुंकू पसरलं, हळदीचा पिवळा डाग तसाच राहिला. साबण लावून बघितला. डाग फिकट झाला, गेला नाही. मग त्यांना कपाटातली बाटली आठवली, कोरोनाच्या दिवसांत आणलेली, हात पुसायच्या स्पिरिटची. डॉक्टर वापरतात ते. याहून स्वच्छ काय असणार? कापसावर घेऊन त्यांनी सगळी कॅनोपी पुसली, काच, कड, भोकांच्या भोवती. डाग गेला. काच अशी चमकली की त्यांना स्वतःचा चेहरा दिसला.

चारच्या सुमाराला देवरे उठले. गॅलरीच्या दारात आले आणि थांबले. त्यांना आधी वास आला.

"काय लावलंस?"

"कुठं?"

"काय लावलंस, सगुणा?"

त्यांनी बाटली आणून दाखवली. देवरे वाकले. दोन्ही भोकांपासून बारीक पांढऱ्या रेघा निघाल्या होत्या, कोथिंबिरीच्या मुळ्यांसारख्या. एक रेघ काचेपर्यंत पोचली होती. ते बघत असतानाच एक जराशी पुढे सरकली, किंवा त्यांना तसं वाटलं.

सगुणाबाईंनी पदराने पुसून बघितलं. रेघा पुसल्या जाईनात. त्या आतल्या होत्या.

"हाई काय शे?" त्या म्हणाल्या. माहेरची बोली त्यांच्या तोंडून वर्षावर्षात निघत नसे.

"स्पिरिटने तडकतं ते. भोकापाशी ताण असतो, तिथून सुरू होतं."

"तुम्ही सांगितलं नव्हतं."

"नव्हतं सांगितलं."

त्यांनी बांगड्यांबद्दल सांगितलं होतं, नखांबद्दल, श्वासाबद्दल. स्पिरिटचं सांगायचं राहून गेलं. शॉपमध्ये स्पिरिटला दाराच्या आत येऊच देत नसत, म्हणून त्याच्याबद्दल बोलायची वेळही येत नसे.

"चिकटवता नाय येणार?"

"दिसण्यापुरतं येईल. उडवता नाही येणार. मोटर सुरू झाली की सगळं हादरतं. तुकडा उडून पात्यात गेला तर हेलिकॉप्टर पण जाईल."

देवरे स्टुलावर बसले, हात मांड्यांखाली घालून. रागावले नाहीत. सगुणाबाईंना ते जास्त लागलं.

"बोला ना काहीतरी. चिडा तरी."

"कुणावर?"

खाली रस्त्यावर झेंडू विकणाऱ्यांचा आरडाओरडा चालला होता. मग त्या म्हणाल्या, "मी सांगते महेशला उद्या. माझ्या हातून झालं, मी सांगते."



दसऱ्याला महेश नऊ वाजता आला. पांढरा झब्बा, हातात झेंडूचा हार, हेलिकॉप्टरसाठी. बूट काढता काढताच म्हणाला, "काकू, आज गोड मी इथेच खाणार. काका, तुम्ही पण चला माळावर, गुडघ्यांचा बहाणा नको. गाडी आणलीय."

हेलिकॉप्टर टेबलावर होतं. त्याने हार पुढे केला आणि हात तसाच राहिला.

"माझा हात हलला," देवरे म्हणाले.

सगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"स्पिरिटची बाटली हातातून निसटली. सगळी कॅनोपीवर सांडली. दीड वर्ष हलताहेत हात. मी तुला सांगायला पाहिजे होतं." आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखालून काढून पुढे धरले. हवेत, महेशसमोर. ते थरथरत होते. लपवलेले नसल्यामुळे की काय, नेहमीपेक्षा जास्त.

महेशने हातांकडे बघितलं, कॅनोपीकडे बघितलं, परत हातांकडे बघितलं. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. ज्या माणसाच्या हातून एकोणतीस वर्षांत एकही कॅनोपी तडकली नाही, त्याच्या टेबलावर स्पिरिटची बाटली कशी, हेसुद्धा नाही. हात पुरेसे होते.

"त्यांनी नाय केलं," सगुणाबाई म्हणाल्या. "मी पुसलं इस्पिरिटने. हळद लागली होती. भोकं पण मीच पाडली होती, सगळं काम मीच..."

"काकू," महेश म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "राहू द्या. मी काकांवर चिडलेलो नाही."

"अरे, खरं सांगते."

"माझी आई पण बाबांचं असंच सगळं अंगावर घ्यायची."

सगुणाबाईंनी देवऱ्यांकडे बघितलं. सांगा ना, असं. देवरे खाली बघत होते. आता खरं सांगितलं असतं तरी ते त्या हातांपुढे खोटंच ठरलं असतं. आणि त्यांना ते सांगायचंही नव्हतं.

महेश थोडा वेळ बसला. करंजी खाल्ली नाही. वैमानिकाला काचेतून बघत म्हणाला, "वर्ष गेलं, काका." एवढंच. मग तो उठला, हेलिकॉप्टर चादरीत गुंडाळलं, आणि फळीकडे बघून म्हणाला,

"त्या दोन... त्यांच्या... मीच घेऊन जातो. त्यांना मी नीट सांगेन. तुमचं नाव खराब होईल असं काही बोलणार नाही."

"ने," देवरे म्हणाले.

एका काखेत चादरीतलं हेलिकॉप्टर, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेलं एक खोकं. दुसरं खोकं फळीवर राहिलं. देवरे उठले, फळीजवळ गेले. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"नको, काका," महेश घाईने म्हणाला. "काकूंना देऊ द्या."

सगुणाबाईंनी पदराला हात पुसले. खोकं फळीवरून उचललं, दोन्ही तळव्यांवर, अजिबात न हलवता, आणि महेशच्या कोपराच्या खोबणीत नीट बसवून दिलं. तो जिना उतरेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. देवरे फळीसमोर तसेच, हात वर केलेले.